सब्र म्हणजे मौन नव्हे : कथात्म साहित्यातील शोकाविषयी

साहित्य दुःखावर फुंकर घालते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या व्यासपीठांवरून उच्चारले गेले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. कादंबरी वाचून कुणाची जखम भरली, किती भरली, आणि लिहिणाऱ्याची भरली की वाचणाऱ्याची, असे प्रश्न विचारणे अरसिकपणाचे समजले जाते. आम्हाला मात्र हे प्रश्न मुस्लिम मराठी लेखकाच्या दृष्टीने निकडीचे वाटतात. गेल्या तीन-चार दशकांत आपल्या समाजाच्या वाट्याला जे मृत्यू आले, जी स्थलांतरे आली, त्यांची कथा सांगताना आपण काय करतो, या प्रश्नाचे उत्तर त्यातून शोधता येते.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शोक व्यक्त करणे हे सब्राच्या विरोधात आहे, सच्चा मोमिन अश्रू ढाळत नाही, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून पसरलेली आहे. मयतीच्या घरी रडणाऱ्या बाईला 'सब्र करो' म्हणून गप्प बसवले जाते. पण कुरआन शरीफमधील ज्या सूरहला 'अहसनुल कसस', म्हणजे सर्वांत सुंदर कथा, असे म्हटले गेले, ती सूरह यूसुफ ही एका बापाच्या शोकाचीही कथा आहे. हजरत याकूब सुंदर सब्राची भाषा करतात आणि त्याच वेळी मुलाच्या आठवणीने त्यांचे डोळे पांढरे पडतात. घरातले लोक त्यांना बोल लावतात तेव्हा ते आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडत असल्याचे सांगतात. म्हणजे सब्र आणि अश्रू एकाच हृदयात नांदू शकतात. आपला तान्हा मुलगा इब्राहिम याच्या मृत्यूच्या वेळी पैगंबरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, हेही हदीसमध्ये नमूद आहे. शरीयतने शोकाला मुदत घातली आहे. इतरांसाठी तीन दिवस, विधवेसाठी चार महिने दहा दिवस. मुदत घालणे म्हणजे मनाई करणे नव्हे. शोक खरा आहे, त्याला जागा हवी आणि त्याला सीमाही हवी, एवढाच त्याचा अर्थ.

जागा आणि सीमा या दोन्ही गोष्टी कला देऊ शकते. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मर्सिया. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ. स. ६८० मध्ये, कर्बलाच्या मैदानात जे घडले त्यावर गोवळकोंडा-विजापूरच्या दख्खनी कवींनी मर्सिये लिहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात लखनौला मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी हा प्रकार कळसाला नेला. तिथे मर्सियाची एक ठाशीव रचना तयार झाली. आरंभीचा 'चेहरा', मग नायकाचे वर्णन, घरच्यांचा निरोप, रणांगणातले आगमन, ललकारी, युद्ध, शहादत, आणि सर्वांत शेवटी 'बैन', म्हणजे विलाप. ऐकणाऱ्याला विलापापर्यंत पोचण्याआधी निरोपाच्या दारातून जावे लागते. मेलेला माणूस आधी जिवंत होऊन समोर येतो, बहिणीशी बोलतो, घोड्यावर बसतो. मगच त्याच्यासाठी रडण्याचा हक्क मिळतो. अनीसने अरबस्तानातल्या त्या कुटुंबाला अवधच्या घरातली बोली, अदब आणि नातेसंबंध दिले. म्हणून लखनौच्या श्रोत्याला ते दुःख परके राहिले नाही.

मातमाविषयी आपल्यात मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत आणि मोहरमच्या प्रथांना अनेक उलेमांचा विरोध आहे. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला येथे दिसते ती कलेची एक कार्यशाळा. एकट्याला न पेलणारे दुःख तिने समूहाला वाटून दिले. आपल्या मुलुखातही हे घडलेच. सांगली-सोलापूरकडच्या खेड्यांत मोहरमला 'करबल'ची गाणी मराठीत गायिली जातात, आणि गाणाऱ्यांत हिंदूही असतात. कडेगावचे उंच ताबूत दोन्ही समाजांच्या खांद्यावरून निघतात. शोकाला मराठी भाषा नवी नाही. प्रश्न आहे तो आपल्या कथा-कादंबरीने ही भाषा किती उचलली याचा.

या प्रश्नाच्या दृष्टीने राही मासूम रझा यांची 'आधा गाँव' ही १९६६ ची हिंदी कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. राही म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद आठवतात. मुंबईतच १९९२ च्या मार्च महिन्यात ते वारले. पण त्यांचे खरे काम या कादंबरीत आहे. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातले गंगौली हे त्यांचे स्वतःचे गाव. तिथले शिया सय्यद जमीनदार, त्यांच्या उत्तर पट्टी आणि दक्षिण पट्टी अशा दोन तटांतली भांडणे, राकी-जुलाहे-अहीर-चमार यांच्याशी त्यांचे व्यवहार, चोरटी प्रेमे, शिव्या आणि या सगळ्याच्या मध्यभागी मोहरम. या गावात वर्ष मोजले जाते ते मोहरमपासून मोहरमपर्यंत. कलकत्त्याच्या गिरण्यांत कामाला गेलेली माणसे मोहरमसाठी परततात. नौह्याची चाल कुणाची सरस, मजलिस कुणाची मोठी, यावर पट्ट्यांची ईर्षा चालते. म्हणजे गंगौलीकरांचा शोक हा पूर्णपणे पवित्र वगैरे नाही. त्यात मानपान आहे, हेवेदावे आहेत, तरुणांची नजरानजर आहे. राहींनी हे लपवले नाही, आणि म्हणूनच तो शोक खरा वाटतो.

कादंबरीचा पहिला भाग वाचताना वाचकाला वाटते की हा एका रंगेल गावाचा गमतीदार वृत्तांत आहे. हळूहळू लक्षात येते की लेखकाने मर्सियाचीच रचना उचलली आहे. आधी माणसे जिवंत करायची, त्यांच्या खोडी आणि त्यांचे उंबरे दाखवायचे, आणि मग निरोप. फाळणी येते. अलीगढहून आलेले विद्यार्थी पाकिस्तानसाठी मते मागतात, आणि गंगौलीच्या लोकांना ते काय बोलतात हेच नीट उमगत नाही. महायुद्धावरून परतलेला तन्नू त्यांना बजावतो की भीतीवर आणि द्वेषावर उभी राहणारी वस्तू शुभ ठरू शकत नाही. शेती करणारा मिगदाद म्हणतो की जिथे माझे शेत तिथे मी. मग काही घरांतले तरुण निघून जातात. मागे म्हातारे बाप राहतात, बायका राहतात. त्या बायका सधवा की विधवा, हे सांगणे कठीण होऊन बसते. पाठोपाठ जमीनदारी संपते. ताजिया आणि मजलिसीवर खर्च करायला पैसा उरत नाही आणि नौह्यात सूर मिसळायला पुरेसे गळे उरत नाहीत. राहींची कमाल अशी की ते पाकिस्तानावर मोठे भाषण देत बसत नाहीत. मोहरम ओसरत गेला, एवढे ते दाखवतात. शोक करण्याचे साधनच शोकाचा विषय बनते.

याच कादंबरीतला फुन्नन मियाँचा प्रसंग आम्हाला साऱ्या भारतीय कादंबरीतला एक श्रेष्ठ प्रसंग वाटतो. १९४२ च्या आंदोलनात कासिमाबादच्या पोलीस ठाण्यावर जमाव चालून जातो, गोळीबार होतो, आणि त्यात फुन्नन मियाँचा तरुण मुलगा मुमताज मारला जातो. पुढे त्याच जागी हुतात्म्यांच्या स्मरणार्थ सभा भरते. पुढारी भाषण करतो, हुतात्म्यांची नावे घेतो. त्यात मुमताजचे नाव नसते. म्हातारा फुन्नन सभेत उभा राहतो आणि आपल्या गावरान भोजपुरी-उर्दूत एवढेच विचारतो की इथे माझाही एक मुलगा मारला गेला होता, त्याचे नाव कुणी या साहेबांना सांगितले नाही काय? तो रडत नाही, आरडाओरड करत नाही, कुणाला जातीयवादी म्हणत नाही. त्याला पेन्शन नको, पुतळा नको. त्याला यादीत एक नाव हवे आहे.

या प्रसंगात शोकाच्या राजकारणाचे सारे मर्म आहे. व्यक्तिगत दुःख माणूस घरात बसून सोसू शकतो. पण ज्या मृत्यूला सार्वजनिक नोंद मिळत नाही, त्याचा शोक कधी पुरा होत नाही. तो पिढ्यांवर उतरतो. शासनाने, पक्षाने, इतिहासाने जे नाव वगळले, ते कादंबरीने घेतले. कला जखम भरून काढते ती या अर्थाने. तिने फुन्नन मियाँला मुलगा परत दिला नाही. पण ज्याला मुमताज ठाऊक नव्हता अशा लाखो वाचकांना तिने त्याच्या मयतीला उभे केले.

राहींनी आणखी एक धाडस केले. पुस्तकाची भूमिका त्यांनी आरंभी न ठेवता कथा बरीच पुढे गेल्यावर मध्येच घातली. तिथे कादंबरीकार स्वतः बोलू लागतो की मी गंगौलीचा आहे, आणि मला परका ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. समीक्षकांनी याला रचनेतील दोष म्हटले तरी आम्हाला ते पटत नाही. मजलिसीत कर्बलाचा वृत्तांत सांगता सांगता सांगणाऱ्याचाच कंठ दाटतो, सूत्र तुटते आणि तो स्वतःचे काही बोलून जातो. तसेच हे आहे. शिव्यांच्या बाबतीतही राहींवर अश्लीलतेचे आरोप झाले. पुढच्या 'ओस की बूँद' (१९७०) या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी उत्तर दिले की माझी पात्रे श्लोक बोलली असती तर मी श्लोक लिहिले असते. ती शिव्या देतात म्हणून मी शिव्या लिहितो. दुःखाला सोवळे नेसवून सभेत आणायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

राहींच्या समोर मंटो ठेवला की चित्राची दुसरी बाजू दिसते. सआदत हसन मंटो १९४८ च्या जानेवारीत मुंबई सोडून लाहोरला गेला आणि १८ जानेवारी १९५५ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी वारला. मधल्या सात वर्षांत त्याने जे लिहिले त्यात सांत्वन जवळजवळ नाहीच. लाहोरला गेल्यावर आपण नेमके कुठल्या देशात आहोत हेच कित्येक दिवस मनाला उमजेना, असे त्याने लिहून ठेवले आहे. 'सियाह हाशिये' (१९४८) मधल्या काही कथा तर दोन-चार ओळींच्या आहेत. तिथे मयताला चेहरा नाही, निरोप नाही, बैन नाही. मर्सियाची सगळी अंगे छाटून टाकल्यावर जे उरते तेवढेच त्याने कागदावर ठेवले. ज्या मृत्यूंना मयतीचा मानही मिळाला नाही, त्यांच्याविषयी लांब विलाप लिहिणे त्याला खोटे वाटले असावे.

पण हाच मंटो 'खालिद मियाँ' या कथेत वेगळा दिसतो. त्याचा मुलगा आरिफ अगदी लहानपणी गेला होता, आणि ती कथा त्या दुःखातून आलेली आहे. कथेतल्या बापाच्या मनात वहम शिरतो की मुलगा वर्षाचा होण्याआधी मरणार. अमुक केले तर मूल मरेल, तमुक टाळले तर वाचेल, अशा शर्ती तो स्वतःलाच घालत राहतो. बुद्धी हसते, हात थरथरतो. घरात वाढदिवसाची तयारी चाललेली आणि बाप आपल्याच वहमांच्या जाळ्यात. ज्याने कुणा आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढली आहे, त्याला या कथेतले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. या कथेने मंटोचे दुःख हलके झाले काय? त्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता तसे म्हणवत नाही. लिहिण्याने लेखक बरा होतो, ही समजूत मंटोने खोटी पाडली आहे. त्याच्या कथेने बरे वाटते ते वाचकाला, कारण आपण जे वेडेपण कुणाला सांगू शकलो नाही ते आणखी कुणीतरी भोगले आहे, हे त्याला कळते. दिव्याखाली अंधार असला तरी उजेड दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

तिसरा मार्ग इंतिझार हुसेन यांचा. 'बस्ती' (१९७९) या कादंबरीचा नायक लाहोरात इतिहास शिकवणारा जाकिर. नावातच खुबी आहे. जाकिर म्हणजे जिक्र करणारा, आठवण काढणारा, आणि मजलिसीत कर्बलाचा वृत्तांत सांगणाराही जाकिरच. १९७१ चे युद्ध बाहेर चालू आहे आणि जाकिर मागे सोडलेल्या रूपनगरची झाडे, माकडे, गल्ल्या आठवत बसला आहे. राहींचे गाव पायाखाली होते, जाकिरचे गाव केवळ स्मृतीत आहे. कादंबरी संपते तेव्हा काहीही सुटलेले नसते. शहर उद्ध्वस्त होत असताना मित्र एका शुभसंकेताची वाट पाहत थांबलेले असतात. काही वाचकांना हा शेवट निष्क्रिय वाटतो. आम्हाला त्यात चिवटपणा दिसतो. ज्याच्या हाती काहीच उरले नाही त्याने आठवण सोडली नाही आणि वाट पाहणे सोडले नाही, हेही टिकून राहणेच आहे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 'आधा गाँव'च्या एक वर्ष आधी, १९६५ मध्ये, हमीद दलवाई यांची 'इंधन' प्रसिद्ध झाली. दोन्ही कादंबऱ्या मुस्लिम लेखकांनी आपल्या ओळखीच्या गावावर लिहिलेल्या, दोन्हींत गाव मोडते. 'इंधन'चा नायक आजारपणामुळे विश्रांतीसाठी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी येतो. त्याच्या डोळ्यांदेखत माणसामाणसांतले जुने, तडजोडीने सांभाळलेले संबंध पेट घेतात, आणि अखेरीस त्याला गाव सोडावे लागते. दलवाई सुधारक म्हणून इतके गाजले, त्यांच्यावर स्तुती आणि निंदा यांचा असा पाऊस पडला, की त्यांच्यातला कादंबरीकार आपण वाचलाच नाही. त्यांच्या विचारांशी वाद असणाऱ्यांनीही 'इंधन' वाचली पाहिजे. त्यातली भाषा कोरडी आहे, कुठेही कढ नाही. फरक हा की गंगौलीच्या माणसांजवळ नौहा होता. 'इंधन'च्या नायकाजवळ दुःख मांडायला कुठलाच साचा नाही. धार्मिक विधी त्याचे राहिले नाहीत आणि आधुनिक मुंबईने त्याला पर्यायी विधी दिला नाही. तो नुसता पाहतो आणि निघून जातो. मराठीतल्या शिक्षित मुसलमानाची ही कोंडी दलवाईंनी नेमकी पकडली होती, आणि ती अजून सुटलेली नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीनंतर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदवली. आकड्याला आई नसते, बहीण नसते. ती देण्याचे काम कथेचे. आपल्या कवितेने त्या काळाचा संताप धारदारपणे मांडला, याविषयी वाद नाही. कथेत मात्र एक ठरीव वळण वारंवार आढळते. दंगल होते, मुस्लिम कुटुंबाची हानी होते, शेजारचा हिंदू मित्र धावून येतो, आणि शेवटच्या परिच्छेदात दोघे मिळून नवी पहाट पाहतात. असे शेजारी असतात, त्यांचे उपकार फेडता येणारे नाहीत, आणि त्यांच्या कथा सांगितल्याच पाहिजेत. आमची तक्रार पहाटेच्या घाईविषयी आहे. मयत घरात आहे, आणि लेखक सलोख्याच्या सभेला निघाला आहे. चाळिसावा तर दूरच, जियारतही झालेली नाही.

ही घाई का होते, तेही समजून घेतले पाहिजे. मुस्लिम लेखकाच्या मनात सतत एक परीक्षक बसलेला असतो. फार रडलो तर तक्रारखोर ठरू, रागावलो तर आणखी काही ठरू. तेव्हा आपल्या पात्रांनी लवकर अश्रू पुसावेत, लवकर माफ करावे, हे बरे. असा लेखक आपल्या दुःखाऐवजी आपल्या चारित्र्याचा दाखला लिहीत असतो. फुन्नन मियाँ जर सभेत उभा राहून देशभक्तीवर बोलला असता तर टाळ्या पडल्या असत्या आणि मुमताज दुसऱ्यांदा मेला असता. तो फक्त नाव विचारतो, म्हणून पुढाऱ्याचे भाषण निरर्थक होते.

याच्या उलट टोकालाही धोका आहे. केवळ अन्यायाची यादी म्हणजे शोक नव्हे. मर्सियात शहादतीआधी निरोप येतो हे विसरून चालणार नाही. आपल्या पुष्कळ कथांत पात्र पहिल्याच पानावर पीडित म्हणून येते आणि शेवटच्या पानावर पीडित म्हणूनच जाते. त्याला चहात साखर किती लागत होती, तो कुणाशी भांडत होता, बकरी ईदला कुणाकडे वाटा पाठवायला विसरत होता, हे कळतच नाही. ज्याला आपण ओळखलेच नाही त्याच्यासाठी रडणार कसे?

यावर उपाय परक्या मुलुखातून आणण्याची गरज नाही. खेड्यापाड्यांतल्या आपल्या बायकांनी जात्यावर ओव्या गायिल्या. त्यात माहेर, भाऊ, मरण सगळे आले. करबलची मराठी गाणी आहेत. दख्खनी बोलीत आजही मयतीच्या घरी बाया ज्या लयीत मेलेल्याचे गुण आठवत रडतात ती लय आहे. हे सारे 'अडाणी' म्हणून एका बाजूने सुशिक्षितांनी आणि 'बिदअत' म्हणून दुसऱ्या बाजूने धर्ममार्तंडांनी बाजूला सारले. विधी पाळावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण कथाकाराने त्यातली भाषा उचलायला कुणाची हरकत असू नये. राही स्वतः मार्क्सवादी विचाराचे होते; नौह्याची लय त्यांनी तरीही टाकली नाही.

तेव्हा कला दुःख बरे करते काय, या आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : लेखकाला ती बरे करीलच याची हमी नाही, मंटो त्याला साक्षी आहे. गेलेले गाव ती परत देत नाही, जाकिरला विचारा. पण वगळलेले नाव ती यादीत घालू शकते, एकट्याचे वेडेपण अनेकांचे करू शकते, आणि 'सब्र करो' म्हणून गप्प बसवलेल्या बाईला बोलण्यासाठी जागा देऊ शकते. एवढे काम थोडे नाही. मुस्लिम मराठी कथा-कादंबरीने पुढच्या काळात हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची अपेक्षा आहे. आपल्या गावोगावच्या मुमताजांची नावे अजून यादीत यायची आहेत, आणि ती विचारायला कुणी म्हातारा सभेत उभा राहील याची वाट पाहत बसणे लेखकाला शोभणारे नाही.